टेकडीवरून दिसलेला धूर

आई,

नदीच्या या काठावरून तुझ्या मूएहचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. माझा खोकला गेला, निर्वासितांच्या छावणीत तांदूळ वेळेवर मिळतो. तांबडी कोंबडी खुडूक बसली का?

काल छावणीमागची टेकडी चढले. आत्या गुडघे धरत का होईना, सोबत आलीच. वरून आपला डोंगर अगदी जवळ दिसतो. त्याच्या पायथ्याशी, आपल्या गावाच्या बाजूला, धूर होता.

“शेतं जाळत असतील. लगेच तोंड काय पाडतेस?” आत्या म्हणाली.

मी हो म्हटलं. पण आई, भात आता पोटरीत आलं असेल. या दिवसांत शेत कोण जाळतं? शेती तर आत्यानेही जन्मभर केली आहे.

उतरताना तिने रिवाजाप्रमाणे आमच्या जिवांना हाका मारल्या, “चला रे, डोंगरावर रेंगाळू नका, घरी भात निवतोय!” आपल्या जिवाला आपणही बोलवायचं असतं, नाहीतर तो मागेच राहतो. मी तोंड मिटून राहिले. आत्याने पाहिलं आणि पुढे उतरू लागली.

तेव्हा माझा जीव तुझ्याकडेच निघाला असणार. खांबांवरच्या आपल्या घराची शिडी जागेवर असेल तर त्याला वर घे, चार घास भरव आणि परत पाठव. एकट्याला त्याला वाट सापडायची नाही. बरोबर तू ये.

वाट बघणारी,
मूएह