दात बघायचा प्रवेश राहिला!

रहिमतपूर, बुधवार, १५ फेब्रुवारी १९७८

माझं नाटक आज टीव्हीवर लागलं. आणि तो प्रवेश त्यात होता, अख्खा होता!

पेशवाईतली दोन पोरं चोरून लग्न करायला निघतात, अशी सगळी गंमत. त्यांना मदत करते घरातली विकत घेतलेली कुणबीण. शेवटी तीच विकली जाते, नवा मालक जनावरासारखे तिचे दात बघतो. मुंबईचे निर्माते म्हणाले होते, "बाई, इतकं छान हसवताय, ते दात बघणं काढा." मी म्हटलं, मग नाटकच परत द्या. परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र स्वतःलाच विचारत राहिले, शाळेतल्या बाईनं पहिल्याच नाटकाला एवढं ताणावं का?

डॉक्टरांच्या पडवीत टीव्हीसमोर आज अर्धी आळी जमली होती. चित्रावर मुंग्या, तरी सगळे पोट धरून हसत होते. मग ते दात बघणं आलं. मी पडद्याकडे नाही, लोकांकडेच बघत होते. कुणी हललं नाही. एकदम शेजारच्या सगुणाआक्का उभ्याच राहिल्या, "आगं पळ की पोरी! हुबी काय ऱ्हाईलीस?"

परतताना त्या माझ्यावरच चिडल्या. "आवं बाई, पळवायची हुती तिला. आता मला झोप न्हाई यायची."

मी चेहरा पाडून त्यांचा हात धरला. त्या घरात गेल्या आणि मी रस्त्यात एकटीच मोठ्यानं हसले. जिंकले मी!