नाना, मला माझ्याच गाडीची भीती वाटते

प्रिय नाना,

तुम्ही गेल्याला दोन महिने झाले. दहाव्याला सगळे तुमच्याबद्दल बोलले, मी गप्प बसलो. आज लिहितोय, कारण उद्या सकाळी सात वाजता रूपालीला पारोळ्याहून धुळ्याला न्यायचंय आणि मला माझ्याच गाडीची भीती वाटते. हे कुणाला सांगू? आईला सांगितलं तर ती जेवण सोडेल. मित्रांना सांगितलं तर चौकात वरात काढतील माझी!

रूपाली कोण, ते तुम्हाला माहीत होतं. धुळ्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये जाते रोज. तिच्यासाठी मी स्टँडवर उगाच चहा पीत उभा राहायचो, तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, "इतला चहा पिशी त पोरगी नही, पित्त भेटी तुले!"

गाडी आणली तेव्हा किती भांडलो तुमच्याशी! सरांशी हुज्जत घालून तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं, जुन्या गाड्यांच्या धंद्यात पडलो, आणि तिथे ही हाती लागली. जमिनीला टेकलेली, चपट्या टायरची. सुटली की पाठ सीटला चिकटते. तुम्ही तीस वर्षं एसटी चालवलेली. तुम्ही एक चक्कर मारली, वाकून तिचं पोट बघितलं आणि विचारलं, "रोज चालावाले शे का फोटो काढाले?"

मी काय बोललो? "तुम्ही जन्मभर साठच्या वर गेला नाहीत, तुम्हाला काय कळणार?" तुम्ही नुसते हसलात. का हसलात नाना? बाप म्हणून एक ठेवून द्यायची होती ना!

त्या गाडीत तुम्ही एकदाच बसलात, अमळनेरच्या लग्नाला जाताना. वाटेत गावागावांनी आपापले घातलेले गतिरोधक. एखादी बकरी चाकाखाली गेली की लोक दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून उंचवटा करतात, ना पट्टा ना पाटी. दरवेळी तुम्ही, आई, काकू खाली उतरणार, मी गाडी तिरकी करून चढवणार, आणि तुम्ही वाकून सांगणार, "येऊ दे... येऊ दे... थांब!" पोहोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं. पंगतीत तुम्ही सांगत होता, "आम्ही गाडीत बसून नाही आलो, गाडीला सोबत म्हणून आलो."

खरं सांगू? रोजच्या वापराला ती कधीच जमली नाही. पेट्रोल पिते, मे महिन्यात तापते, खड्ड्यात आपली कंबर मोडते. तिची सगळी ताकद महिन्यातून दोन मिनिटं कामी येते. पण त्या दोन मिनिटांत मी कॉलेज सोडलेला पोरगा नसायचो.

शुक्रवारी ती दोन मिनिटं आली.

रूपाली पहिल्यांदाच शेजारी बसली होती. पुढचा ट्रक हळू झाला. मला वाटलं, मला वाट देतोय. पाय दाबला. तुम्ही शिकवलं होतं की कापसाच्या दिवसांत शेतकऱ्यांनी फोडलेला दुभाजक दिसला की पाय ब्रेकवर ठेवायचा, कापूस घेऊन जिनिंग मिलला जाणारं ट्रॅक्टर तिथूनच आडवं जातं. ट्रकवाला त्यासाठीच थांबत होता! त्याच्या आडून कापसाची ट्रॉली थेट माझ्यासमोर आली.

थांबलो. ट्रॉलीचं चाक हातभर अंतरावर, रूपालीच्या बाजूला. वर कापसावर दोन बायका बसलेल्या. एकीने हात जोडले. मला की देवाला, कळलं नाही. ट्रॅक्टरवाला ओरडला, "रस्ता बठ्ठा तुना बापना शे का रे?" एरवी मी उतरून त्याची कॉलर धरली असती. त्या दिवशी उतरलोच नाही.

आणि रूपाली कानात गाणी लावून मोबाइल बघत होती! हिसक्याने मोबाइल पायाशी पडला, तो उचलून तिने मान वर केली, तोवर ट्रॉली पुढे सरकली होती. "काय ब्रेक आहेत रे तुझ्या गाडीचे!" म्हणाली आणि हसली. तिला वाटलं, मी मुद्दाम केलं. मीही तिला तसंच वाटू दिलं.

आता तिने बसचा पास पुन्हा काढलेला नाही. "रोज तूच ने," म्हणते. हे वाक्य ऐकायला दोन वर्षं जीव टाकला मी. आता तेच नको वाटतं. डोळे मिटले की ती हातभर जागा दिसते. उद्या तेवढी जागा तरी असेल का? मी सावकाश चालवीन म्हणतो, पण मी स्वतःला ओळखतो. शेजारी ती बसली आणि कुणी मागून हॉर्न दिला, की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

नाना, तुम्हाला शब्द देतो. उद्या सात वाजता मी गाडी घरीच ठेवून स्टँडवर चालत जाईन. ट्रक का थांबला होता, ट्रॉली किती जवळ होती आणि ती हसली तेव्हा मी का गप्प राहिलो, सगळं तिला सांगेन. ती खोटारडा म्हणेल. कदाचित पुन्हा बोलणारही नाही. त्याचीही भीती वाटते, खूप वाटते. पण ती बसमध्ये बसलेली असेल. खिडकीपाशी, माझ्यावर रागावलेली, धडधाकट.

तुम्हाला उलटून बोललेला आणि माफी मागायला उशीर केलेला,
तुमचा सागऱ्या