मधल्या अणूची जागा

मी, खाली सही करणारी, स्फटिकांच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घालवलेली बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वखुशीने लिहीत आहे. शरीर थकले आहे, डोके नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर माझ्या मुलीला. ती सज्ञान होईपर्यंत देखभाल तिच्या बाबांनी करावी. घर विकू नये, भाड्याने देऊ नये. तिची किल्ली तिच्याकडेच राहील.

२. बँकेतली शिल्लक तिच्या शिक्षणासाठी. तिने भौतिकशास्त्रच शिकावे असा आग्रह नाही. घरात दोघे पुरे झाले.

३. माझी लहान भट्टी प्रयोगशाळेत काचकाम करणाऱ्या दादांना. तिचे कुरकुरणारे झाकण त्यांचेच ऐकते.

४. टेबलावरचा स्फटिक मुलीच्या बाबांना, आमच्या भांडणासकट. तापलेल्या स्फटिकाच्या प्रत्येक चौकटीतला मधला अणू बरोबर मध्यभागी असतो आणि थंडावताना, कंप मंदावत, एका बाजूला सरकतो, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे, तो मध्ये कधीच नसतो. या बाजूकडून त्या बाजूला उड्या मारत असतो, आपण सरासरी काढून त्याला मध्ये बसवतो. "अगं, अणू म्हणजे काय बेडूक आहे, उड्या मारायला?" असे ते भर चर्चासत्रात म्हणाले. सगळे हसले. पुढे मुलीचे लाडाचे नावही त्यांनी बेडकीच पाडले. नाव गोड आहे. ते वाक्य मात्र माफ केलेले नाही, तशी नोंद असावी.

५. आम्ही वेगळे झाल्यापासून मुलगी एक आठवडा इथे, एक तिथे. आम्ही समजत होतो, ती दोघांच्या बरोबर मध्ये आहे, छान चाललेय. परवा दवाखान्यात, पाठीवरची पिशवी न उतरवताच ती म्हणाली, "आई, मी मध्ये कधी नव्हतेच गं. नुसती जा-ये."

माझा सिद्धांत बरोबर निघाला. आनंद झाला नाही.

६. म्हणून ही विनंती नव्हे, अट: माझ्यामागे तिने कुठे राहायचे, हे दुसऱ्या कोणी ठरवू नये. थंडावताना बाहेरून विद्युतक्षेत्र लावले की अख्खा स्फटिक त्याच बाजूला झुकतो, हे, बेडकीचे बाबा, तुम्हीच मला शिकवलेत. तसा जोर प्रेमानेसुद्धा लावू नका. दोन्ही घरांतल्या तिच्या खोल्या तशाच राहू द्या. ती विचारेल, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा एवढेच म्हणा, "बेडके, आधी पिशवी खाली ठेव."

सही माझी, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत.

साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका (सही)
साक्षीदार: उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १४ मार्च