माशाच्या डोळ्यातली नक्षी

तीर्थरूप नानांना,
लावण्याचा जर्मनीहून नमस्कार.

भवानी पेठेत कुणी विचारलं तर मी बरी आहे म्हणून सांगा. जेवते, झोपते, लॅबमध्ये वेळेवर जाते. अम्मा गेल्यापासून रडू तेवढं येत नाही. फोनवर आपण दोघंही गप्प बसतो, म्हणून लिहितेय.

इथं मी माशांचे डोळे बघते. आत उजेड टिपणाऱ्या पेशी असतात, आपल्या मागावरच्या चादरीच्या नक्षीसारख्या. एका ओळीत लाल-हिरवा रंग ओळखणाऱ्या जोड्या, शेजारच्या ओळीत निळा आणि जांभळ्यापलीकडचा उजेड ओळखणाऱ्या. परत तेच. कुठं चूक सापडत नाही. अम्माला दाखवायचं राहिलं.

डोळ्याला इजा झाली, तर या माशांना नव्या पेशी येतात. आपल्याला येत नाहीत. पण नव्या पेशी पहिल्यासारख्या ओळीत बसत नाहीत, नक्षी विस्कटते. तरी मासा बघायला लागतो.

दादा म्हणाला, माग अजून बंदच आहे, अर्धी चादर तशीच आहे त्यावर. तुटलेला धागा अम्माच जोडायची, माहीत आहे की मला. तुमचा गुडघा कसा आहे? चहा कोण करून देतं?

नक्षी चुकलेली चादर तुम्ही कधी मागावरून उतरवली नाही, तेही माहीत आहे. तरी ती पुरी करा, नाना. चुकली तर विकू नका, मला पाठवा. इथं थंडी लई आहे.

तुमचीच,
लावण्या