पहिल्या काचेवर

२ मार्च

चि. चिमणीस,

अ. उ. आ. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता खरं सांगते.

डाव्या हातावर, मनगटाच्या वर, फिकट चट्टा उठलाय. कडा उंच, मधे कोरडा. इस्त्रीचा चटका नेमका तिथे बसला आणि मला कळलंच नाही. दुकानात काजं करणारी बाई ओरडली तेव्हा पाहिलं. डॉक्टरांनी कातडीचा नखाएवढा तुकडा काढला. कुष्ठरोग असू शकतो, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळेल, म्हणाले. मी म्हटलं, माझी धाकटी बहीण तेच काम करते, तिच्याकडेच पाठवा. घरातली डॉक्टर कधीतरी उपयोगी पडू दे.

यांना सांगितलेलं नाही. फोन नको, मशीनपाशी सतत कुणी ना कुणी उभं असतं. गणवेशांचं मोठं काम हातात आहे. हे बाहेर फुटलं तर माझ्या हातचा कपडा कुणी अंगात घालणार नाही. तेव्हा लवकर बघ आणि 'नाही' म्हणून लिही. जमलं तर.

जेवतेस का वेळेवर?

तुझी ताई

९ मार्च

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. तुकडा मिळाला. तो मेणात बसवून त्याचे पातळ काप काढतात, रंगवतात, मग काचेवर माझ्याकडे येतात. पहिली काच पाहिली. सूज आहे. तेवढ्यावरून काही म्हणणं बरोबर नाही, म्हणून टेक्निशियनकाकांना आणखी आतले काप काढायला सांगितले आहेत. जंतूंसाठी वेगळा रंग देऊन पाहिला, एकही सापडला नाही. अशी सूज इतर आजारांतही येते. आणखी काही काचा पाहून लिहिते. उगाच जीव खाली-वर करू नकोस. इस्त्री त्या बाईकडे दे आणि भावोजींना सांग.

मी जेवते. उभ्यानं.

लोभ आहेच, वाढवायला अजून जागा आहे.

तुझी चिमणी

१७ मार्च

चि. चिमणीस,

अ. उ. आ. तुझ्या पत्रात 'आणखी' फार आहे.

इकडे करंगळी ऐकेनाशी झाली. कापड पुढे सरकवताना ती बाहेरच राहते, रुसून बसल्यासारखी. शेजारचं बोटही तिच्या नादाला लागलंय. कोपराच्या आत ठणका लागतो. काल एक कॉलर वाकडी शिवली गेली. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, वय झालं. मी हसले, आणि ते गेल्यावर कॉलर उसवायला बसले, तर तेही धड जमेना.

डॉक्टर रिपोर्टची वाट बघतायत. तुकडा लॅबमध्ये पोचून इतके दिवस झाले, तुमची बहीण झोपलीय का, असं विचारत होते. मी तुझी बाजू घेतली.

वाट पाहते. दुसरं काम होतच नाही.

तुझी ताई

२२ मार्च

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. तुझा तुकडा संपला.

मी काप मागत गेले आणि काका देत गेले. प्रत्येक काचेवर मी दुसरं काहीतरी शोधत होते, कुठलाही दुसरा आजार चालला असता. आज काकांनी मेणाची वडी माझ्यासमोर ठेवली. आत कातडी उरलेलीच नव्हती. "बाई," ते म्हणाले, "आता मेण कापू का?"

झालेल्या काचा आमच्या लॅबच्या मोठ्या मॅडमना दाखवायचं धाडस होत नाही. तू चट्ट्याच्या कडेचा दुसरा तुकडा दे. तो मॅडम पाहतील, मी हात लावणार नाही. एवढं ऐक.

तुझी चिमणी

२६ मार्च

चि. चिमणीस,

आशीर्वाद आहेत. दुसरा तुकडा मिळणार नाही.

कापड संपेपर्यंत मापंच घेत बसणारी मुलगी माझ्या दुकानात टिकली नसती. 'नाही' असतं तर तू त्याच दिवशी फोन केला असतास, मशीनपाशी कुणीही उभं असो.

यांना काल सांगितलं. यांनी माझा हात धरून चट्टा पाहिला. मग विचारलं, चिमणीला माहीत आहे का? मी म्हटलं, तिलाच माहीत आहे.

पहिल्या काचेवर काय होतं तेवढं लिही.

ताई

२९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. रिपोर्टवर सही केली आणि तुझ्या डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला. आता तुला.

कुष्ठरोग आहे. पहिल्याच काचेवर होता. त्या कापात स्पर्श कळवणारी एक नस होती. तिच्यात आणि भोवती पेशींचे दाट पुंजके, इतके की नस कुठे संपते ते दिसत नव्हतं. नसेची अशी नासधूस दिसली की दुसरा आजार शोधत बसू नका, असं मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते. जंतू दिसत नाहीत, कारण तुझं शरीर त्यांच्याशी जोरात भांडतंय. त्या भांडणात नस सापडली. या प्रकारात दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ नसते, शिवलेल्या कपड्यांतून तर नाहीच. दुकानातल्या बाईला हे खुशाल वाचून दाखव.

औषध काही महिने चालेल. करंगळीकडे जाणाऱ्या, कोपरातल्या नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या आहेत, त्या आजच सुरू कर, एकही चुकवू नकोस. करंगळी पुन्हा ऐकेल का, ते मला सांगता येत नाही. इलाज लवकर झाला तर पुष्कळदा ऐकते. तो लवकरचा वेळ माझ्यामुळे गेला. डॉक्टरांनाही हे असंच सांगितलं.

शनिवारी येते. इतके दिवस तुझी कातडी पाहिली, हात पाहिला नाही.

रागावायचं तेवढं रागाव, लोभ मात्र काढून घेऊ नकोस.

तुझी चिमणी