सात पिढ्यांची सपाट जागा

१२ जानेवारी १९१३, रविवार. सुपे.
आज निश्चय केला. जमीन घ्यायची. किराणा दुकान एका पिढीपुरतं. जमीन सात पिढ्यांना पुरते. सध्या पिढ्या दोनच आहेत, मी आणि अर्जुन. बाकीच्या यथावकाश येतील.

मंगळवारी बायकोचं, विमलचं, वर्षश्राद्ध झालं. अर्जुन हुबळीहून सुनेला, तुळजाला, घेऊन आला होता. रेल्वेत क्लार्क आहे. बोलणं झालं ते लोंढ्याच्या गाडीच्या वेळेबद्दल. जेवले आणि निघाले. उरलेले वडे मी नंतर खात राहिलो. चव आठवत नाही.

आई होती तेव्हा पोरगा सणावाराला यायचा. बापाकडे यायला काहीतरी कारण लागतं. जमीन हे पक्कं कारण. तिच्यावर चार खोल्यांचं घर बांधू. वर्षाच्या आत नोकरी सोडून येतो की नाही बघा.
नवे नियम: पहाटे उठणे. विडी बंद.

१३ जानेवारी.
उशिरा उठलो. थंडी फार. विडी ओढली, पण विचार करण्यापुरतीच.

१९ जानेवारी, रविवार.
भाडोत्री गाड्या चालवणाऱ्या वासूबरोबर जागा पाहायला गेलो. पहिल्या जागेत जंगल. दुसरीत दगड. तिसरीत गवा उभा होता. ती लांबूनच पाहिली. चौथी मात्र लाखात एक! कुंभारवाड्याकडे, कुणब्यांच्या वाडीच्या अगदी मधोमध. चहूकडे रान आणि मध्ये ही जागा हाताच्या तळव्यासारखी सपाट. गवताची काडी नाही. माती इतकी जातिवंत की तण उगवायला धजत नसावं. मधोमध एक दगड उभा आहे, शेंदूर फासलेला. सर्व्हेवाले खुणेच्या दगडाला रंग लावतात हे मला ठाऊक आहे.

जागा वासूचीच निघाली. सर्व्हेच्या वेळी त्याच्या वडिलांच्या नावावर लागली होती. तो म्हणाला, "अण्णा, वाडीत एकदा इचारून घ्या. मागनं मला बोल लावायचा न्हाई." मी मनात हसलो. वाडीत विचारलं की चार माणसं जमतात आणि भाव चढतो. धंद्यात केस पांढरे झाले माझे. मी कुणालाही विचारलं नाही. सौदा झाला. वासूने घासाघीस केली नाही. माझ्या बोलण्याची छाप पडली असावी.

३ फेब्रुवारी.
कागद झाला. मालक म्हणून प्रथमच जागेवर गेलो. वाडीतली माणसं येता-जाता डोक्यावरचा भारा खाली ठेवतात, माझ्या दिशेने हात जोडतात आणि जागेत पाय न टाकता कडेने जातात. इतका मान मला सुप्यात कधी मिळाला नाही. मीही हात वर करून आशीर्वाद दिला.

देवकी नावाची म्हातारी शेणाची पाटी घेऊन आली आणि न सांगता जागा सारवू लागली. मजुरी देऊ केली तर घेतली नाही. भोळी माणसं. मी थोडा बाजूला सरकलो, कारण मी उभा होतो तिथेच तिला सारवायचं होतं.

आनंद व्हायला हवा होता. तसा झालाही असेल.

२० फेब्रुवारी. उळवी.
जत्रा. अर्जुन येणार होता, मग इथूनच जागा दाखवायला नेणार होतो. आला नाही. रजा नाही म्हणे. रथ ओढताना गर्दीत पाय तुडवला गेला, तेव्हा विमलला सांगायला मागे वळलो. मागे हुक्केरीकडचे कुणी गृहस्थ होते. त्यांनी नमस्कार केला. मीही केला.
शिमग्याला नक्की येतो असं अर्जुनने कळवलंय. तोवर घराचे खांब उभे पाहिजेत.

१६ मार्च, रविवार.
पहिला खड्डा खणायला घेतला आणि वाडीचा बुधवंत, म्हणजे मुख्य माणूस, लखू, दहा-बारा जणांना घेऊन आला. शांतपणे म्हणाला, "सावकार, हितं खांब न्हाई रोवायचा. ही मांड हाय." मांड म्हणजे काय, तेही त्यानेच सांगितलं. शिमग्याला देव इथे येतात. नाच इथून उठतो आणि फिरून इथेच येऊन थांबतो. इथे कुणी राहत नाही, नांगरत नाही, बांधत नाही.
मी म्हटलं, कागद माझ्याकडे आहे. लखू म्हणाला, "कागद ऱ्हाऊ दे की तुमच्याकडं. देवाला इचारू."

त्या दगडालाच कौल लावला. दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. डावी पडली. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा मी दगडाकडे तोंड करून उभा राहिलो आणि निदर्शनास आणलं की माझ्या बाजूने पाहिलं तर पडलेली पाकळी उजवीच आहे. लखू म्हणाला, "देवाचा उजवा धरत्यात, सावकार. तुमचा न्हाई."
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
खड्डा मीच बुजवला. देवकीने वरून सारवलं. घराचा बेत सध्या पुढे ढकलला आहे. विडी ओढली. दोन.

२२ मार्च, शनिवार. होळी.
अर्जुन आणि तुळजा सकाळीच आले. मी जागा दाखवली. अर्जुनने विचारलं, "आप्पा, घर कुठं?" मी म्हटलं, प्लॅनमध्ये थोडा बदल आहे. लखूने त्याला सगळं सांगून टाकलं. अर्जुन म्हणाला, "आईनं आधी वाडीत विचारलं असतं." खरं आहे. तिने मला घ्यायलाच दिली नसती.

दुपारी ढोल घेऊन वाडी आली. मालकाच्या घराण्यासाठी गाऱ्हाणं घालायचं म्हणून लखूने विचारलं, "घरात किती जण, सावकार?" मी म्हटलं, चार. लखूने नारळ धरून चौघांना सुखी ठेव म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मग मी मोजलं. मी, अर्जुन, तुळजा. तीनच. वर्षभरात पहिल्यांदाच मला रडू आलं. ढोल जोरात होते, ते बरं.
अर्जुनच्याही लक्षात आलं असावं. जवळ येऊन हळूच म्हणाला, "आप्पा, पाच सांगायला हवे होते. तुळजाला श्रावणात होईल."
मग तो नाचायला गेला. चांगला नाचतो. मला माहीतच नव्हतं.

२३ मार्च.
निघताना अर्जुन म्हणाला, "आप्पा, दुकान बंद करा आणि आमच्याकडं चला. दोन खोल्या आहेत, होईल सोय." तुळजाही म्हणाली, "चला की मामंजी."
मी म्हटलं, छे छे, मला कशाला, तुमच्यासाठी घेतलेली जमीन सोडून कसा येऊ. आपल्याकडे पहिल्या बोलावण्याला कुणी हो म्हणतं का? पंगतीतसुद्धा पहिल्यांदा पानावर हात आडवा धरतात. आग्रह झाला की मग हात काढतात. मी आग्रहाची वाट पाहत उभा होतो. कपड्यांचं गाठोडं कसं बांधायचं, हेही मनात ठरवलं होतं.
अर्जुन म्हणाला, "बरं, तुमची इच्छा." पाया पडला. गाडीच्या वेळेबद्दल बोलणं झालं.

२४ मार्च.
पोचले असतील. हुबळीला माणसं एकदाच विचारतात असं दिसतं. रेल्वेची नोकरी.
पत्र लिहायला बसलो. 'मी येतो' असं आपणच कसं लिहायचं? तब्येत बरी आहे, एवढंच लिहिलं.

३० मार्च, रविवार.
जागेवर गेलो. काम काही नव्हतं. देवकी सारवत होती. म्हणाली, "सावकार, पोरं कवा येणार परत?" मी म्हटलं, मला बोलवत होते, मीच नको म्हटलं.
ती म्हणाली, "मग परत इचारलं न्हाई?"
न्हाई, म्हटलं.
तिने मला बाजूला व्हायला सांगितलं. मी झालो.