कुवेतला न जाण्याची योजना

९ सप्टेंबर, शनिवार
ड्रिलचा वीकेंड. महिन्यातून एक शनिवार-रविवार नॅशनल गार्डचे, म्हणजे अर्धवेळ सैन्याचे, जनरेटर दुरुस्त करायचे, बदल्यात माझ्या इंजिनिअरिंगची फी नेब्रास्का राज्य भरतं. वर्गातल्या बाकीच्यांच्या डोक्यावर कर्ज. माझ्या पायात फक्त बूट. शेवटचं वर्ष सुरू झालं, मे महिन्यात पदवी. आमच्या घरातली पहिली.
ओडेसा प्रुइटला म्हटलं, सैन्य मला वापरत नाही, मी सैन्याला वापरते. ती माझ्याच तुकडीत आणि माझ्याच वर्गात. तिला सर्किट दोनदा समजवावं लागतं. म्हणाली, बरं बाईसाहेब, मग सांगा तुमच्या नोकराला, हे सांडलेलं तेल पुसायला.
तेल मी पुसलं. ती हसत होती.

१० सप्टेंबर
अफवा: जानेवारीत तुकडी कुवेतला. जवळजवळ वर्षभर. सार्जंट टिब्सना विचारलं. म्हणाले, मला कोणी काही सांगितलेलं नाही. म्हणजे नक्की.
घाबरले नाही. समस्या नीट मांडली. मी जाऊ शकत नाही, कारण मे महिन्यात मी इथे असणार आहे.

१७ सप्टेंबर
उपाय सापडला. शारीरिक चाचणीत नापास झालं की नावावर फ्लॅग लागतो. फ्लॅग लागलेल्याची बढती थांबते, बदली थांबते, सगळं जागच्या जागी गोठतं. जे गोठलंय ते कुवेतला कसं जाईल? ऑक्टोबरमध्ये चाचणी आहे. एकाच प्रकारात नापास व्हायचं: प्लँक. कोपरांवर अंग ताणून धरायचं आणि वेळेआधी खाली यायचं. यात खोटं काही नाही, गुरुत्वाकर्षण आहे.
नियम उघडून पाहिले नाहीत. तर्क स्वच्छ असला की पडताळणी म्हणजे वेळ घालवणं.

२४ सप्टेंबर
ओडेसा रोज सकाळी धावते. धावण्यातच ती कच्ची आहे. सोबत येतेस का म्हणाली. मी म्हटलं, कशाला दमतेस, तुझ्याच्याने होणार नाही. ती म्हणाली, यायचं नसेल तर नको येऊस गं, पण फुकटचं ज्ञान नको.
योजना तिला सांगितली नाही. दोघी एकदम नापास झालो तर संशय येईल. शिवाय ती तशीही नापास होणारच आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार
चाचणी. बाकी सगळं उत्तम. प्लँकमध्ये ठरल्याप्रमाणे हात थरथरवले, ओठ चावला, पडले. थरथर फार चांगली जमली.
टिब्स शेजारी उकिडवे बसले. म्हणाले, काय गं वोल्काट, झोप आली? गेल्या वर्षी हिने अर्ध्या पलटणीला लाजवलं होतं, आणि आज बघा, ओलं पोतं. सगळे हसले. मी मनातल्या मनात हसले.
ओडेसा धावण्यात पास. रेषा ओलांडली, कडेला जाऊन ओकली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. तिच्यासाठी बरं वाटलं. आता ती कुवेतला जाणार, बिचारी.

४ नोव्हेंबर, शनिवार
जाणाऱ्यांची नावं वाचली. माझं आहे.
काहीतरी चूक असणार म्हणून टिब्सच्या ऑफिसात गेले. ते म्हणाले, जनरेटर चालू करायला पोट आवळावं लागतं का? नापास माणसं आम्ही खुशाल नेतो. मी म्हटलं, पण फ्लॅग. ते म्हणाले, पोरी, फ्लॅग तुझ्या फायद्याच्या गोष्टी अडवतो, आमच्या नाही.
मग फायद्याच्या गोष्टी सांगितल्या. एक: फी बंद. दोन: शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मागे राहायची विनंती करता येत होती. कॅप्टनने ओडेसाची मान्य केली. माझी पुढे पाठवताच येत नाही.
मी तिथेच जमिनीवर प्लँक धरला. ठरलेल्या वेळेच्या पुष्कळ पुढे गेले. टिब्स कॉफी पीत बघत राहिले. कप संपल्यावर म्हणाले, छान. पण चाचणी त्या दिवशी होती. ऊठ आता, फरशी पुसलेली नाही.

५ नोव्हेंबर
ओडेसाला सुचवलं की तिने माझ्या जागी जावं. तिला एखादं वर्ष उशीर झाला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. मांडणी मुद्देसूद होती.
तिने वही मिटली. मग विचारलं, मला धावू नकोस म्हणालीस ते यासाठी? मी नाही म्हटलं. हे खरं आहे, तेव्हा तिचा विचारच केला नव्हता. तेही तिला सांगितलं, म्हणजे गैरसमज नको.
ती म्हणाली, आपला दोघींचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी एकटी संपवते. तू बॅग भर.
समजूतदार मुलगी नाही.

११ मे, कुवेत
आईचा फोन. तिने आजची रजा सप्टेंबरमध्येच टाकली होती, रद्द करायला जिवावर आलं. म्हणून ती आणि बाबा पदवीदान समारंभाला गेले. अगं, त्या ओडेसाचं कोणीच आलं नव्हतं, म्हणाली, मग आम्हीच जोरात टाळ्या वाजवल्या. फोटोही काढले. बाबांना तर रडूच आलं. मग तिला जेवायला घरी घेऊन आलो. इतकी साधी पोर आहे. तुझी चौकशी करत होती, तिकडे उकाडा फार आहे का म्हणून.
मी विचारलं, तुम्ही काय सांगितलं?
आई म्हणाली, आम्हाला कुठे माहीत आहे? थांब, ती इथेच आहे, तिलाच देते.
फोन ठेवला. तीन नंबरचा जनरेटर बंद पडलाय.